सांध्यातली गल्ली

४ फेब्रुवारी

शहराचा विकास आराखडा नव्याने तपासायचं काम आजपासून माझ्या गळ्यात पडलं. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे घरं हे ठरवणारा हा नकाशा. पुढची वीस वर्षं शहराने त्याबरहुकूम वागावं अशी अपेक्षा असते. मागच्या आराखड्यातल्या बागेच्या जागी आज गोदाम आहे, दवाखान्याच्या जागी गाड्या लागतात आणि वाचनालयाच्या जागी कोणाच्या तरी मेहुण्याचा बंगला आहे. मेहुणा कोणाचा ते कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी विचारत नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, लोकांशी बोलणं तुमच्याइतकं कोणाला जमणार?" म्हणजे लोकांची बोलणी खायला दुसरं कोणी तयार झालं नाही. पण खोटं कशाला लिहू, मनातून आनंदच झाला. इतकी वर्षं आमची रीत ठरलेली: आराखडा बंद खोलीत करायचा, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जाहिरात द्यायची, आलेल्या हरकतींचे गठ्ठे बांधायचे आणि केलं होतं तेच कायम करायचं. या वेळी मी उलटं करणार आहे. आधी लोक, मग आराखडा.

कार्यालयाच्या टिपणात 'चर्चा समाधानकारक झाली' यापलीकडे काही लिहिता येत नाही. बाकीचं इथे लिहीन.

९ फेब्रुवारी

पहिली सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. भिंतभर नकाशा लावला. कल्पना माझीच: प्रत्येकाने आधी आपलं घर शोधायचं, तिथे एक गोल टिकली चिकटवायची आणि मग काय हवं-नको ते सांगायचं. माणसाला आपलं घर सापडलं की शहर आपलं वाटायला लागतं, असं मी साहेबांना सांगितलं होतं. टिकल्यांना फारसा खर्च नाही म्हणून त्यांनाही ते पटलं.

आणि खरंच तसं झालं. एक म्हातारं जोडपं नकाशासमोर अर्धा तास भांडलं. आजोबांचं बोट शेजारच्यांच्या घरावर आणि आजी म्हणत होत्या, "इतकी वर्षं तिकडेच तर बघताय." सगळा हॉल हसला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कामावर असताना मी पहिल्यांदाच हसले असेन.

बाहेरून नेमलेला सल्लागार कोपऱ्यात उभा राहून फोटो काढत होता. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, बूट आरशासारखे. कार्यालयात त्याला सगळे 'चकचकीत' म्हणतात. तो म्हणाला, "मॅडम, ही पद्धत देशभर दाखवण्यासारखी आहे." पोरगा अगदीच वाईट नाही.

१६ फेब्रुवारी

आज ताईच्या भागातली सभा. ताई आणि भाऊजींना मी ओढूनच आणलं. भाऊजींचं सोफे-गाद्या दुरुस्तीचं दुकान. खाली दुकान, वर घर. दुकान बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या मेहुणीचा कार्यक्रम आहे, निदान टाळ्या वाजवायला तरी या."

ताई टिकली बोटावर घेऊन नकाशासमोर उभी राहिली आणि उभीच राहिली. मी मदतीला गेले. तिचं घर नव्हतं. घर सोडा, गल्लीच नव्हती. नकाशात वरच्या बाजूचा मोठा रस्ता आणि खालच्या बाजूचा मोठा रस्ता सरळ एकमेकांना येऊन भिडले होते. प्रत्यक्षात त्या दोघांच्या मध्ये ताईची गल्ली आडवी आहे. दोन्ही रस्ते तिच्या घरांना टेकून संपतात, गाड्या वळसा घालून जातात.

मग लक्षात आलं. हा नकाशा जुन्या कागदी शीटवरून केलेला. कधीकाळी कोणीतरी दोन शीट जोडताना एकावर एक जरा जास्त चढवल्या आणि डिंक लावून टाकला. बोटभर पट्टी खाली गेली. त्या बोटभर पट्टीत दहा-पंधरा घरं, भाऊजींचं दुकान आणि माझी सगळी शिकायची वर्षं होती. मी त्याच घरात राहून शिकले.

ताई म्हणाली, "जाऊ दे गं. नाहीये तर नाहीये."

"असं कसं? तुम्ही शहरात नाही का?"

"शहरात आहोत की. टॅक्स बरोबर येतो," भाऊजी म्हणाले.

टिकली कुठे लावायची म्हणून ताईने ती माझ्या मनगटावर लावली. "घे. आमचं घर तुझ्याकडे." आजूबाजूचे हसले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या शहराची घरं शोधून देणारी मी, आणि माझ्याच बहिणीचं घर नाही.

१८ फेब्रुवारी

मोजणीची टेप घेऊन स्वतः गल्लीत गेले. दुपार होती. भाऊजी रस्त्यातच एका सोफ्याचं पोट फाडून बसले होते. त्यांचं निम्मं काम बाहेरच चालतं; सोफा दारातून आत नेला की दुकानात माणसाला जागा उरत नाही. समोरची शिंपीणबाई खुर्ची टाकून काज करत होती. गाडी येत नसल्यामुळे पोरं, कुत्री, वाळत घातलेल्या चादरी, सगळं रस्त्यातच. इथे इतका निवांतपणा कसा, हे मला शिकत असताना कधी कळलं नव्हतं. आज कळलं: आम्ही कार्यालयवाले इथवर कधी पोचलोच नव्हतो.

भाऊजींनी टेपचं दुसरं टोक धरलं, पण कपाळाला आठी. "काय इंजिनीअर, हे केलंच पाहिजे का?"

"चुकीचा नकाशा तसाच ठेवू?"

"आम्हाला कुठे चुकतोय तो?"

मी त्यांना नीट समजावलं. उद्या पाण्याची लाइन मोठी करायची, दिवे लावायचे, तर आधी नकाशावर दिसायला हवं. जे दिसत नाही त्याला काही मिळत नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तू शिकलेली." असं ते म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे मला माहीत आहे. पण माणसं बदलाला भितात. आमच्या कामात हे गृहीतच धरायचं असतं.

दुकानातलं कापड कापायचं लांबलचक टेबल अजून तसंच आहे. रात्री काम आटोपलं की भाऊजी त्यावरच्या चिंध्या झाडून द्यायचे आणि मी त्यावर माझी ड्रॉइंगं पसरायची. टेबलाच्या कडेला माझ्या पट्टीच्या खुणा आहेत. ताई म्हणाली, "ही त्या टेबलावर मोठी झाली, आता टेबलच मोजायला आलीय."

२६ फेब्रुवारी

दुरुस्त नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला. सांधा उकलला, पट्टी बाहेर काढली, एकेक घर नीट काढलं. ताईचं घर काढताना पायरीसुद्धा दाखवावी असं वाटलं.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग चकचकीतला बोलावलं. तो वाकून म्हणाला, "म्हणजे हे दोन रस्ते जोडलेलेच नाहीत?" मी म्हटलं, नाहीत. त्याने पुन्हा विचारलं, "कधीच नव्हते?" मी म्हटलं, कधीच नव्हते, नकाशाची चूक होती.

"मॅडम, तुम्ही फार मोठी गोष्ट शोधलीत," तो म्हणाला. साहेबांनी चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ताईला फोन करून सांगितलं की तुझं घर आता सरकारी नकाशात आहे. ती म्हणाली, "बरं." तिला आनंद दाखवता येत नाही.

१५ मार्च

ताईच्या भागात दुसरी सभा. हॉल भरून वाहत होता. वरच्या रस्त्यावरच्या आणि खालच्या रस्त्यावरच्या मोठमोठ्या सोसायट्यांतून लोक आले होते, बरेचसे पहिल्यांदाच. चकचकीतने दारातच एक फलक लावला होता: 'हे दोन रस्ते जोडले जावेत का?' खाली टिकल्या लावायला दोन चौकोन. मला आधी विचारलं नव्हतं, पण लोकांना प्रश्न विचारणं ही माझीच पद्धत, मी काय बोलणार.

'हो'चा चौकोन भरून टिकल्या भिंतीवर गेल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, "मुलाला शाळेत सोडायला रोज केवढा वळसा पडतो. आम्हाला वाटायचं नकाशात रस्ता आहे म्हणजे कधीतरी होईल. तुमच्यामुळे कळलं की मध्ये अडलंय." फार सभ्य माणूस.

'नाही'च्या चौकोनात दहा-पंधरा टिकल्या, एकमेकींना चिकटून. शिंपीणबाईने एकीवर एक दोन लावल्या तेव्हा मला एक काढायला सांगावं लागलं. माणशी एक, हा नियम मी घातलेला आहे. बहिणीच्या शेजारणीला वेगळा नियम लावला तर या सगळ्याला अर्थच राहणार नाही. तिने टिकली काढली आणि माझ्या हातात दिली. ताई बघत होती.

१६ मार्च

डोकं दुखतंय. काल ताई माझ्याशी न बोलता गेली. पण नुसत्या टिकल्यांनी रस्ता होत नसतो. ही फक्त लोकांची मतं आहेत. निर्णय तज्ज्ञ घेतात, आणि तज्ज्ञांत मी आहे.

२२ मे

प्रारूप आराखडा जाहीर झाला. ताईच्या गल्लीवरून रस्त्याची दुहेरी रेघ गेली आहे. घरं खाली पुसट ठिपक्यांत, आणि सोबतच्या अहवालात 'रस्त्यातील अडथळा' असे शब्द आहेत. हे शब्द माझे नाहीत. मी लिहिलेल्या प्रकरणाचं शीर्षक 'लोकांच्या सहभागातून' असं आहे आणि ते तसंच ठेवलं आहे.

साहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आम्ही कुठे केलं? लोकांनीच मागितलं."  राग आला आणि कोणाचा ते कळेना. बंद खोलीत केलेला आराखडा बरा होता की काय, त्यात निदान शिव्या कोणाला द्यायच्या ते ठाऊक असायचं.

ताईचा फोन. "अडथळा म्हणजे आम्ही का?"

"तो तांत्रिक शब्द आहे, ताई."

"अगं, आम्ही आधीपासून आहोत. आम्ही कोणाच्या मध्ये आलो नाही. हे आमच्या मध्ये येतायत."

मी तिला सांगितलं की हरकत घे, सुनावणी होईल, तेव्हा हेच बोल. ती म्हणाली, "आम्ही बोललो तर कोण ऐकणार? तू सांग ना. तुला माहितीये नकाशा कसा चिकटवला होता. एवढंच सांग." मी हो म्हटलं.

३ जून

शहराच्या टोकाला पर्यायी घरं बांधून तयार आहेत, चौथा मजला मिळेल. मी स्वतः जाऊन बघून आले, खोल्या स्वच्छ आहेत, उजेड चांगला. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "सोफा वर कसा न्यायचा?"

"लिफ्ट आहे."

"तू लिफ्टमध्ये सोफा नेऊन बघ, मग मला सांग."

मी म्हटलं, दुकानासाठी दुसरीकडे गाळा बघू. ते हसले. इतकं वाईट हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "नव्हतो तेच बरं होतं गं. नव्हतो म्हणून होतो." मला वाईट वाटलं, पण हे बोलणं काही तर्काला धरून नाही.

१९ जून

परवा सुनावणी. साहेबांनी बोलावून घेतलं. "त्या गल्लीत तुमचं कोणी नात्यातलं आहे म्हणे? मग त्या दिवशी तुम्ही नसलेलं बरं. उद्या कोणी बोट दाखवायला नको." विचार केल्यावर मला ते पटलं. ज्यात आपलं माणूस आहे तिथे आपण बसू नये, हे तत्त्व मी नव्या मुलांना शिकवत आले आहे. तत्त्व स्वतःवर आलं की सोडायचं, असं माझ्याच्याने होणार नाही.

ताईला फोन करणार होते. पण ती समजून घेईल. समोरासमोर सांगितलेलं बरं.

२१ जून

रजा घेतली. कपाट आवरलं. दुपारी पुन्हा आवरलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "तुझी खुर्ची होती तिथे. तुझ्या नावाची पाटीपण होती. आम्हाला वाटलं, येशीलच."

चकचकीतने त्यांना पडद्यावर जुना नकाशा दाखवला म्हणे. आधीचा, सांध्याचा. त्यात दोन्ही रस्ते सरळ भिडलेले आणि मध्ये काहीच नाही. मग विचारलं, "या नकाशाच्या वेळी तुम्ही कुठे होता?" भाऊजींनी टॅक्सच्या पावत्या पुढे केल्या. त्याने बघितल्या आणि म्हणाला, यावर गल्लीचं नाव आहे, पण अशी गल्ली नकाशात कुठे आहे? म्हणजे तुम्ही नंतर रस्त्यात घरं बांधली. सुनावणी घेणाऱ्या समितीने मान डोलावली.

"मी त्यांना सांगत होते, अहो, तो कागद चिकटवताना चूक झाली होती, माझ्या बहिणीने शोधून काढली," ताई म्हणाली. "त्यांनी विचारलं, कुठे आहे तुमची बहीण?"

मी म्हटलं, ताई, तत्त्वाचा प्रश्न होता.  ती म्हणाली, "ठेवते. ह्यांना ताप आहे."

चकचकीत असं कसं करू शकला? चूक त्याच्या डोळ्यांसमोर दुरुस्त केली होती. नीच माणूस.

२३ जून

साहेबांकडे गेले. म्हटलं, सांध्याबद्दल मी लेखी देते. ते म्हणाले, "द्या ना. अवश्य द्या. मग हेही लिहा की आपल्या कार्यालयाचा नकाशा इतकी वर्षं चुकीचा होता. त्यावरून दिलेल्या परवानग्या, पाडलेली बांधकामं, सगळं उघडायला लागेल. तुमचं नवं शहर राहील बाजूला." वर म्हणाले, "पुढच्या महिन्यात ही लोकसहभागाची पद्धत मोठ्या परिषदेत मांडायची आहे. तुम्हीच मांडायची."

बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. घाईने लिहिलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. परिषद होऊ दे. तिथून आल्यावर माझ्या शब्दाला जरा वजन असेल, तेव्हा देते.

३० जुलै

परिषद छान झाली. पडद्यावर आजी-आजोबांचं भांडण दाखवलं, सगळे हसले. ताई टिकली हातात घेऊन नकाशासमोर उभी आहे, तोही फोटो चकचकीतने घातला होता. खाली ओळ: 'आपलं घर शोधणारी एक नागरिक'. टाळ्या पडल्या. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

१२ ऑगस्ट

आराखडा मंजूर. पत्र आता देऊन काही फायदा नाही. विचारलं तर सगळे हेच म्हणतील, आणि ते खरंही आहे.

८ नोव्हेंबर

घरी आले तर जिन्यात दोन हमाल आणि ते टेबल. ताईने पाठवलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. हमालाला विचारलं, तो म्हणाला, "बाई म्हणाल्या, आमच्याकडे मावणार नाही, बहिणीकडे टाका." दारातून आत येईना. पाय काढून आत घेतलं. हॉल सगळा त्यानेच भरला आहे. खुर्ची ठेवायला जागा नाही, म्हणून टेबलाच्या कडेशी उभी राहूनच लिहिते आहे. पट्टीच्या खुणा तशाच आहेत.

१० नोव्हेंबर

गल्लीत गेले. खरं तर गल्ली होती तिथे. खालच्या रस्त्यावरून थेट वरच्या रस्त्यावरची दुकानं दिसतात, मध्ये डोळ्यांना अडवायला काही नाही. नकाशात वर्षानुवर्षं होतं तसंच आता दिसतं. मी काढलेल्या एकेका घराची जागा मला पाठ आहे, तरी ताईची पायरी कुठे होती ते ठरवता आलं नाही. मी तिथे उभी राहून रडले. एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाले.

पर्यायी घरांकडे गेले. चौथ्या मजल्यावरचं ताईचं दार बंद, कुलूपही आमच्याच कार्यालयाचं. शिंपीणबाई शेजारी राहते. म्हणाली, "त्यांनी हे घर घेतलंच नाही. कुठेतरी खाली जागा बघितली म्हणे, सोफ्यासाठी." कुठे, ते तिला माहीत नाही. किंवा माहीत असेल. तिने मला आत बोलावलं नाही.

२ डिसेंबर

ताईचा फोन आला. इतक्या दिवसांनी. भाऊजींचं काम हळूहळू सुरू झालंय, जागा लहान आहे पण रस्त्यात बसता येतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते.

मी म्हटलं, "ताई, पत्ता दे ना. रविवारी येते."

"मीच येईन कधीतरी."

"पत्ता द्यायला काय झालं? मी शोधून काढीन, सगळ्या शहराचा नकाशा आहे माझ्याकडे."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. "तू शोधू नकोस गं. तू शोधलंस की सापडतं."

 तिच्याकडे मागे लाकडावर हातोडी चालल्याचा आवाज येत होता, भाऊजींची ती ठरलेली लय. मी कान देऊन ऐकत होते, आणखी काही ऐकू येतं का, शाळेची घंटा, गाडी, काहीही, म्हणजे अंदाज आला असता. ताईच्या ते लक्षात आलं असावं. तिने दार लोटून घेतलं.

मग म्हणाली, "जेवलीस का?"

मी हो म्हटलं.